नातेवाइकानं बाहेर बसावं

माझा मोठा भाऊ अण्णा लातूरला दातांचा डॉक्टर आणि मी नांदेडला. या व्यवसायात मला आणलं ते अण्णानेच. त्याच्याच दवाखान्यात मी पहिली दाढ काढली. तो मागून हळूच म्हणत होता, "ओढू नको, हलव." पुढे लग्न होऊन मी नांदेडला आले, स्वतःचा दवाखाना टाकला आणि कालांतराने आमच्या दंतवैद्यांच्या नोंदणी मंडळावर निवडून गेले. डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीत मला घेतलं. तेव्हा दवाखान्यात पेढे वाटले ते अण्णाने.

एका दुपारी त्याचा फोन आला. अण्णा रडत होता. जळकोटकडच्या एका शिक्षकाची अक्कलदाढ त्याने काढली होती आणि नंतर सूज वाढत गेली होती.

"त्यानं फोन केला होता गं," अण्णा म्हणाला. "तोंड उघडत न्हाई, थुंकी गिळता येत न्हाई, म्हणून राहिला होता. मी गोळी बदलून दिली, सोमवारी ये म्हटलं. पोरीचा साखरपुडा चालू होता, हॉलमध्ये गलका. मला वाटलं, नेहमीची सूज असंल."

ती नेहमीची नव्हती. गळ्यात उतरली आणि श्वास कोंडून तो माणूस उदगीरच्या अलीकडे गाडीतच गेला.

पेशंटला थुंकी गिळता येत नाही म्हटलं की एक मिनिट न दवडता त्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं, हे आमच्यात नवखा पोरगाही जाणतो. मी भावाचे हुंदके ऐकत राहिले.

शिक्षकाची बायको गावातल्या अंगणवाडीत काम करायची. तिने मंडळाकडे तक्रार केली. अण्णाने उत्तर दिलं की पेशंटचा फोन आला होता, पण थोडं दुखतंय एवढंच तो म्हणाला. समितीतल्या सगळ्यांकडे ते उत्तर आलं, तसं माझ्याकडेही आलं. गिळता येत नसल्याचा त्यात उल्लेखच नव्हता.

मी लातूरला गेले. वहिनी चहा ठेवून आत गेली.

"अण्णा, तू मला जे सांगितलंस तेच तिथं सांग."

"सांगून काय होईल? तो परत येणार हाय का?" तो म्हणाला. "पोरीचं लग्न तोंडावर आलंय. सनद गेली, दवाखाना बंद पडला तर सोयरे काय म्हणतील?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू समितीत हायस ना. तू फक्त गप्प राहा. बाकीचे ओळखीचेच हायत."

"मी समितीत बसणार नाही. सख्ख्या नात्यातलं प्रकरण असलं की नातं जाहीर करायचं आणि उठून जायचं, असा नियम आहे."

तो पाठ खुर्चीला टेकवत म्हणाला, "मग तर बरंच झालं की."

परतीच्या बसमध्ये मला त्याच्या बोलण्याचा अर्थ लागला. मी उठून गेले की मला जे माहीत होतं तेही माझ्याबरोबर बाहेर जाणार होतं.

मराठवाड्यातली माणसं मुंबईला मंडळाच्या कचेरीत खेटे घालत बसू नयेत म्हणून मीच आग्रह धरला होता. त्यामुळे ही सुनावणी नांदेडलाच, विश्रामगृहाच्या सभागृहात ठेवली होती. समितीचे अध्यक्ष आणि अण्णा कॉलेजात एकाच वर्गात होते, होस्टेलवर एका खोलीत राहिलेले. मित्राबद्दल मात्र नियमात अवाक्षर नव्हतं.

कामकाज सुरू होताच मी उभी राहिले. "ज्यांच्यावर तक्रार आहे ते माझे सख्खे भाऊ आहेत. मी या प्रकरणात बसणार नाही. पण त्या फोनबद्दल ते माझ्याशी बोललेत, ते मला समितीपुढं–"

"मॅडम," अध्यक्षांनी मला थांबवलं. "नातं सांगितलंत, फार चांगलं केलंत. आता पुढचा एक शब्दही तुम्हाला बोलता येणार नाही. बाहेर बसा."

समोर अण्णा बसला होता. त्याने मान खाली घातली.

बाहेर व्हरांड्यात बाकावर त्या शिक्षकाची बायको आणि तिचा दीर आत बोलावण्याची वाट बघत होते. ती माझ्याहून पुष्कळ लहान होती. माझ्याकडे बघून दीर तिच्या कानात काही बोलला.

"तुमी त्या डॉक्टरच्या भैन ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग भायेर कशाला आल्या?"

"भावाच्या प्रकरणात मला न्याय द्यायला बसता येत नाही."

"मग आत कोन हाय?"

खरं तर तक्रारदाराशी मी बोलायलाच नको होतं. मी उठून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले. पाठीमागं शिपायाने तिच्या नावाचा पुकारा केला, तशी मी वळले आणि तिला गाठून म्हणाले, "साक्षीदार कोण, असं विचारतील. माझं नाव सांगा."

ती थबकली. तिचा विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही. पण आत गेल्यावर तिचा आवाज दारातून स्पष्ट ऐकू आला. "माझी साक्षीदार भायेर बसलीया. डॉक्टरचीच भैन हाय."

आत बराच वेळ वाद झाला. शेवटी मंडळाच्या वकिलाने सांगितलं, सदस्य म्हणून बसता येत नसलं तरी तक्रारदाराने बोलावल्यावर साक्ष घ्यावीच लागेल.

मी सगळं सांगितलं. सोमवारी ये म्हटल्याचं, साखरपुड्याचं, आणि तो रडत होता हेसुद्धा. अण्णाने आक्षेप घेतला नाही. तो माझ्याकडे नुसता बघत होता, मी कोणी परकी बाई असावी तसा.

साक्ष संपल्यावर ती बाई व्हरांड्यात माझ्याजवळ आली. "फोन माझ्या हातात व्हता," ती म्हणाली. "त्यांची जीभ वळत नव्हती, म्हणून मीच मदी मदी सांगून राहिले व्हते. मला वाटायचं, मलाच नीट सांगता आलं न्हाई. म्हंजे डॉक्टरनं ऐकलं व्हतं." तिने डोळ्याला पदर लावला नाही, माझे आभारही मानले नाहीत. दिराबरोबर निघून गेली.

अण्णाची सनद काही महिन्यांसाठी निलंबित झाली. त्याने तो काळ घरी बसून काढला आणि पुन्हा दवाखाना उघडला. माणूस गेला त्या मानाने ही शिक्षा काहीच नव्हती, आणि आमच्या घराला ती झेपली नाही. भाचीच्या लग्नाची पत्रिका मला आली नाही. मंडळाच्या पुढच्या निवडणुकीत मला कुणी सूचकही मिळेना. सख्ख्या भावावर उलटलेली बाई आपल्याला काय सोडणार, असं लोक उघड म्हणत.

आई अण्णाकडेच असते. तो दवाखान्यात गेला की ती मला फोन करते. गुडघ्यांचं सांगते, जेवणाचं विचारते, त्याचं नाव काढत नाही. मागच्या पंधरवड्यात मात्र तिने एकदम विचारलं, "तू बोललीस ते खरं होतं का गं?"

"हो, आई."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "तो यायची वेळ झाली. ठेवते."