मी पळवलेले मेंबर

मी आयुष्यात एकदाच माणसं पळवली, आणि तीही चुकीची.

आता तुम्ही म्हणाल, पळवायची माणसं चुकतात कशी? तेच तर सांगतोय. आमचं गाव चाकूर तालुक्यातलं. पंचायतीचे मेंबर सात. सरपंचपद यंदा बाईला राखीव होतं, तिथं काशीबाई थेट निवडून आल्या. (काशीबाईंना नवरा नाही, दीर नाही आणि भीती तर मुळीच नाही. त्यामुळं त्या खुर्चीत दुसरं कुणी बसायचा प्रश्नच मिटला.) राहिलं उपसरपंचपद. ते सात मेंबरांनी हात वर करून ठरवायचं होतं. आणि ते मला पाहिजे होतं.

पाहिजे होतं म्हणजे किती? अहो, लहानपणी मी 'मास्तरचा धाकटा' होतो, लग्नात 'नवे जावई' झालो आणि आता शाळेच्या फाटकावर 'पिंकीचे पप्पा' आहे. स्वतःचं म्हणून काही नावच नाही! चाकूरच्या स्टँडवर चहावाल्यानं एकदा तरी खच्चून ओरडावं, "या उपसरपंचसाहेब, चहा घ्या!" एवढंच माझं स्वप्न होतं. आमदारकी-बिमदारकी काही मागत नव्हतो मी देवाकडं.

हिशेब सोपा होता. सातांतला एक मेंबर मी. दुसरी माझी बायको सुनंदा. बायांसाठी राखीव असलेल्या वॉर्डातून तिला मीच उभं केलं होतं. मी काठावर निवडून आलो, ती भरघोस. (यावर आमच्या घरात चर्चा होत नाही.) तिसरे किराणा दुकानवाले शिवलिंगआप्पा, ते आपलेच. चौथा धोंडीराम, माझा विरोधक, त्यालाही उपसरपंच व्हायचं होतं. उरल्या तीन बाया. त्या ज्याच्याकडं जातील तो उपसरपंच.

अशा वेळी काय करतात ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सहल! निवडणुकीआधी मेंबर गाडीत घालायचे, लांब न्यायचे, खाऊपिऊ घालायचं आणि मतदानाच्या वेळेलाच गावात आणायचे. मधल्या काळात विरोधकाला त्यांचं नखसुद्धा दिसू द्यायचं नाही. मी क्रूझर ठरवली, माहूर ठरवलं आणि रेणुकामातेला साडी-चोळीचा नवसही बोललो. मग त्या तीन बायांच्या घरी जाऊन ज्ञानोबा, बालाजी आणि मारुती या तिघांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्यांना, गाडीत घातलं.

निघताना सुनंदा दारात आली.

"आवो, मतं तर त्या बायांची हायेत. नवरे नेऊन काय करणार?"

"सुनंदा, तुला राजकारण कळत न्हाई."

"बरं," ती म्हणाली. "मग म्या काय करू तवर?"

"तू काय करतीस? घर सांभाळ."

तिनं मान डोलावली. ती मान तेव्हा जरा निरखून बघायला पाहिजे होती मी.

सहलीचा पहिला नियम म्हणजे फोन बंद. मी ज्वारीची एक थैली बरोबर घेतली होती. तिच्यात सगळ्यांचे फोन टाकले, वर माझाही टाकला आणि तोंड सुतळीनं बांधलं. नांदेड यायच्या आत ज्ञानोबा कासावीस.

"व्यंकटराव, एक फोन करू द्या ना. म्हशीला पेंड घातली का इचारतो."

"अजिबात न्हाई! धोंडीराम टपून बसलाय."

"म्हशीचं इचारायलोय हो, त्यात धोंडीराम काय करतोय?"

"तुला राजकारण कळत न्हाई, ज्ञानोबा!"

माहूरला मी त्यांची जी बडदास्त ठेवली, तशी सासरी माझीसुद्धा कुणी ठेवली नाही. गडावर पायऱ्या चढून आम्ही वर गेलो. देवीपुढं तिघांनाही तांबूल तोंडात ठेवून शपथ घ्यायला लावली. "आमचं मत व्यंकटरावाला!" मारुतीनं तर शपथ दोनदा घेतली. मला भरून आलं. मी एकेकाला पोटाशी धरलं. (त्या तिघांपैकी एकालाही मत नव्हतं, हे त्या घटकेला मला, त्यांना आणि देवीच्या पुजाऱ्यालाही सुचलं नाही.)

इकडं धोंडीरामाची झोप उडालेली. मेंबर पळवले म्हटल्यावर तो मोटारसायकलवर निघाला. कुणीतरी सांगितलं मुखेडला दिसले, हा मुखेडला. तिथं कळलं उमरीला गेले, हा उमरीला. ज्यांची मतं पाहिजे होती त्या तिन्ही बाया याच्या घरामागच्या गल्लीत भांडी घासत होत्या. पण गडी हाडाचा राजकारणी, तो नवरेच शोधत फिरला!

आणि नेमकी आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी गावच्या विहिरीवरची मोटार जळली. नळ कोरडे. बायांनी आपापल्या नवऱ्याला फोन लावला तर बंद. मला लावला तर बंद. शेवटी रिकाम्या घागरी घेऊन सगळ्या पंचायतीच्या दारात बसल्या. काशीबाईंनी ग्रामसेवकाला जागचं हलू दिलं नाही. सुनंदा एसटीनं चाकूरला गेली आणि मिस्त्रीला हाताला धरून घेऊन आली. तो उद्या येतो म्हणाला, तर ही त्याच्या दुकानात स्टूल ओढून बसली म्हणे. संध्याकाळी नळाला पाणी आलं. यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. माझा फोन थैलीत होता ना!

मतदानाच्या दिवशी आमची क्रूझर थाटात गावात शिरली. हलगीवाले तयार, गुलालाचं पोतं तयार. डोक्यावर फेटा मी माहूरहूनच बांधून आलो होतो. वेशीवर माझा डिजिटल बोर्ड आदल्याच दिवशी लागला होता, 'उपसरपंचपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' (निवड व्हायची होती. पण छापणारा म्हणाला, निकालानंतर गर्दी होते, आधीच छापून घ्या.) तिघा नवऱ्यांना मागं घेऊन मी पंचायतीत पाऊल टाकलं.

"थांबा!" काशीबाई खुर्चीतून म्हणाल्या. "व्यंकट, तू ये. हे कोण?"

"मेंबर, काकू."

"हाव का? ज्ञानोबा, कोणत्या वार्डातून निवडून आलास रे?"

ज्ञानोबानं माझ्याकडं बघितलं. मी बालाजीकडं बघितलं. बालाजीनं मारुतीकडं बघितलं. मारुती चपला घालायला लागला होता.

"भाईर बसा," काशीबाई म्हणाल्या. "च्या यील."

आत बघतो तर चारी बाया आधीच खुर्च्यांवर! सुनंदा मधोमध. शेजारी आप्पा, कोपऱ्यात तारवटलेल्या डोळ्यांचा धोंडीराम. सुनंदाच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर मी बसलो. म्हटलं, काही नाही, बायका आहेत, नवऱ्यांची शपथ मोडणार थोडीच!

"धोंडीराम मेंबर हुडकत फिरला, त्याचा अर्ज ऱ्हायला. नावं दोन आलीत," काशीबाई म्हणाल्या. "एक व्यंकट. दुसरं सुनंदाबाई."

"सुनंदाबाई कोण?" मी विचारलं.

(पंधरा वर्षांचा संसार!)

"तुझ्या शेजारी बसलीया ती," काशीबाई म्हणाल्या. "आदी बाईचं घेऊ. सुनंदाबाईला मत कुणाचं?"

ज्ञानोबाची शेवंता, बालाजीची रेखा, मारुतीची अनुसया, तिघींचे हात एकदम वर गेले. चौथा सुनंदाचा, जरा घाबरत घाबरत.

मी आप्पांकडं बघितलं. "आप्पा! तुमी तरी?"

"व्यंकट, नळाला पाणी आलं बाबा," आप्पा म्हणाले आणि त्यांनीही हात वर केला.

धोंडीराम उठला. "मला न्हाई तर न्हाई, पर ह्याला तर न्हाईच न्हाई!" त्याचाही हात वर.

मी ताडकन उभा राहिलो, हात उंच केला आणि ओरडलो, "एक मिनिट! एक मिनिट!"

"सात," काशीबाई ग्रामसेवकाला म्हणाल्या. "एकमतानं. लिव्हा."

"अवो काकू, म्या हरकत घ्यायला हात वर केला!"

"मंग खाली कर की. आन सांग सगळ्यांना, बायकोला माझं मत न्हाई म्हणून."

दाराच्या फटीतून तिघे नवरे डोकावत होते. मी सुनंदाकडं बघितलं. माझ्या सत्काराला म्हणून मीच आणलेली हिरवी साडी ती नेसली होती. दोन्ही हातांनी तिनं पदर घट्ट धरला होता आणि ती माझ्या हाताकडं बघत होती. इतकी वर्षं झाली, पण तिला माझ्याकडून काहीतरी एवढं पाहिजे असलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मला राग आला होता, लाज वाटत होती, आणि खरं सांगू का, कुठंतरी लई बरंही वाटत होतं. हात काही खाली येईना.

"राहू द्या," मी म्हणालो. "सातच धरा."

बाहेर ठरल्याप्रमाणं हलगी वाजली. बालाजीनं ठरल्याप्रमाणं माझ्यावर गुलाल ओतला, मला खांद्यावर घेतलं, अख्ख्या गल्लीतून मिरवलं आणि मारुतीच्या देवळाच्या पारापाशी खाली ठेवून विचारलं, "व्यंकटराव, आलं कोण निवडून?"

बोर्ड बदलून आला. आता वर सुनंदाचा मोठा फोटो आहे. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत ज्ञानोबा, बालाजी, मारुती आणि शेवटी फेट्यातला मी. जागा कमी पडली म्हणून माझा फेटाच जास्त आला आहे, तोंड कमी.

परवा सुनंदा म्हणाली, "तुमचा नवस फेडायला माहूरला चाललो आमी. त्या तिघी येतात, काशीकाकू येतात. आप्पांनाबी देवीला जायचंय. गाडी धोंडीरामभावजीची हाय, चालवणार बी तेच."

"आन मी?"

"तुमी कसं येता? मोटार जळली तर गावात एक तरी मेंबर नको का?"

त्यांना सोडायला चाकूरच्या स्टँडपर्यंत गाडीतून गेलो. उतरलो तर चहावाला खच्चून ओरडला, "या उपसरपंचसाहेब, चहा घ्या!" माझ्या अंगावर काटा आला. मी फेटा सावरला, हात पुढं केला. तो कप घेऊन माझ्या बगलेतून गेला आणि खिडकीतून सुनंदाला दिला.

मग परत येऊन त्यानं मला न्याहाळलं. "तुमी कोण, ड्रायव्हर का?"

"मेंबर आहे मी!"

"हाव का?" त्यानं गाडीकडं बघितलं. आत सुनंदा ज्वारीची थैली घेऊन सगळ्यांचे फोन गोळा करत होती. "मंग समदे मेंबर तर गाडीत हायेत. तुमाला कुणी पळवलं न्हाई?"

नाही. सातांपैकी सहा पळाले आणि मी शिल्लक आहे. दोन दिवस झाले, मी विहिरीवर मोटारीपाशी बसून आहे. मला पळवायला धोंडीरामसुद्धा आला नाही.