कांजी आणायला पोलादपूरला

आई गेली त्या वर्षी दिवाळी करायची नव्हती. मी तेव्हा पुण्यात शिक्षिका होते. घरात मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, एवढेच उरलो होतो. शाळेला सुट्टी लागली तशी मी अण्णांना म्हटलं, चार दिवस मामाकडे जाऊन येते. कशासाठी, ते सांगितलं नाही. मला कांजी आणायची होती.

ही साठच्या दशकातली गोष्ट. कांजी म्हणजे भाताची पेज आंबवून केलेलं आंबट पाणी. आता दुकानात तांदळाचं व्हिनेगर मिळतं, त्याची ही गावाकडची थोरली बहीण समजा. पोलादपूरच्या डोंगरात, आईच्या माहेरी, चिंचेपेक्षा हिचाच वापर जास्त. आईने लग्नानंतर ती पुण्याला आणली आणि चुलीशेजारी मडक्यात जपली. रोज भात वेळून पेज निथळली की त्यातली थोडी निववून मडक्यात घालायची आणि लागेल तेवढी कांजी काढून घ्यायची. कुळथाच्या पिठल्यात, माठाच्या भाजीत, सुक्या बोंबलांच्या कालवणात ती पडायची. चिरलेल्या कांद्यावर मीठ आणि चमचाभर कांजी घातली की भाकरीला दुसरं काही लागत नसे. सुरणाच्या फोडी तिच्यात बुडवून ठेवल्या तर घसा खाजत नाही.

आईचं सुतक फिटलं तेव्हा रीतीप्रमाणे घरातली मातीची भांडी टाकली. साताऱ्याच्या काकूंनी स्वयंपाकघर धुऊन काढलं, त्यात ते मडकंही गेलं. त्यांचं काही चुकलं नाही. पण अण्णांचं जेवण तेव्हापासून निम्म्यावर आलं. मी चिंच घालून पाहिली, आमसूल घालून पाहिलं. पेज आंबवायला ठेवली तर तिच्यावर बुरशी धरली. अण्णा कधी तक्रार करत नसत. ताटात उरलेलं मात्र दिसायचं.

सकाळच्या एस.टी.ने भोरमार्गे वरंधा घाट उतरले. तुम्ही जाणार असाल तर पुढची जागा धरा, वळणं पोटाला जड जातात, आणि पावसाळ्यात घाट चालू आहे का ते विचारूनच निघा. आता वीरपर्यंत रेल्वे येते, तिथून रिक्षाने महाड गाठता येतं. तेव्हा आम्हाला एस.टी.चाच आधार. महाडला स्टँडजवळच्या खानावळीत भात-आमटी जेवले. बाजारात दासगावकडून आलेल्या सुक्या मासळीच्या पाट्या होत्या. अण्णांसाठी बोंबील घेतले. मग पोलादपूरची गाडी, आणि तिथून उमरठच्या वाटेने पायी. भातं कापून झाली होती, खाचरांत खुंट उरले होते आणि हवेत पेंढ्याचा गोड वास होता. आई गेल्यापासून पहिल्यांदाच मला कडकडून भूक लागली.

मामीने पाय धुवायला पाणी दिलं. चहा झाल्यावर मी कांजीचा विषय काढला.

"आमची पन गेली गो," ती म्हणाली. "लग्न झालेली असली तरी लेक ती या घरची. तीन दिवस आम्हालाबी सुतक. मडकी टाकली. नवी लावलीय, पन तिला ती चव नाय."

मी चाखली. नुसती आंबट होती.

"मग आता ती कुठेच नाही?"

मामीने शेणाने सारवलेल्या जमिनीकडे पाहिलं. "सोनाकाकीकडं हाय."

तेव्हा मला तिथली रीत कळली. प्रत्येक घर आपली कांजी भावकीबाहेरच्या एका घरात ठेवायला देतं आणि त्या घराची आपल्याकडे ठेवतं. दोन्ही घरांना एकाच वेळी सुतक येत नाही. एकाची गेली की दुसऱ्याकडून परत आणायची. मामीने सोनाकाकीकडची कांजी परत आणली नव्हती, कारण मामीची म्हैस सोनाकाकीच्या दुधीच्या वेलात शिरली होती आणि पावसाळ्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

मी एकटीच ओढ्यापलीकडे सोनाकाकीच्या घरी गेले; काकी म्हणायचं, पण ती भावकीतली नव्हे. सोनाकाकी सूप घेऊन भात पाखडत होती. मी कोण ते ऐकून तिने सूप खाली ठेवलं.

"तुझ्या आईनंच आणून दिलीन होती ही माझ्याकडं, परकर नेसायची तवा," ती म्हणाली. "पन मी तुझ्या हाती देनार नाय. ठेव तुझ्या मामाच्या घरची हाय. त्या घरच्या बाईनं येऊन मागायची."

मी घरी येऊन सांगितलं. मामी म्हणाली, "मी नाय जायची. माझ्या म्हशीला काठी मारलीन तिनं." बोलण्यात मी कधीच हुशार नव्हते. फक्त अण्णा आता किती जेवतात ते सांगितलं.

सकाळी मामीने रिकामं मडकं कमरेवर घेतलं आणि माझ्याकडे न बघता चालू लागली. मी मागून गेले.

"वाट चुकलीस काय गो, सुमन?" सोनाकाकीने मामीला विचारलं.

"म्हैस शोधाय आले."

"म्हैस माझ्या वेलाखाली नाय. वेलच ठेवलान नाय तिनं."

"दुधी तरी कुठं धड लागत होता तुझा? माझ्या म्हशीनं सुटका केलीन तुझी."

सोनाकाकी हसू दाबत आत गेली. बाहेर आली ती कांजीचं मडकं घेऊनच, आणि मामीचं निम्मं भरेपर्यंत ओतत राहिली. मग दोघी पायरीवर बसल्या आणि आईबद्दल बोलल्या. मी ऐकत होते. आई लहानपणी झाडावर चढायची, हे मला माहीत नव्हतं.

निघताना मामीने कांजी काचेच्या बाटलीत भरून दिली. "बूच लावू नको गो, उडेल. फडकं बांध." घाटात बाटली मांडीवर धरून बसले होते. कंडक्टर तिकीट फाडताना थांबला.

"ताई, काय हाय त्यात? ताडीवानी वास येतोय. दारूबंदी हाय, ठावं हाय ना?"

मागच्या बाकावरचे म्हातारबुवा म्हणाले, "अरे, कांजी हाय ती. तुझ्या आयशीनं कधी वाढलीन नाय काय?"

"वाढलीन की. म्हनून तर विचारतो, जास्तीची हाय काय?"

मी हसले. पुण्याला पोचेपर्यंत फडकं थोडं भिजलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बोंबलांचं कालवण केलं. अण्णा पहिल्या घासाला थांबले. मग खाली मान घालून जेवत राहिले. ताट रिकामं झाल्यावर म्हणाले, "भात आहे का अजून?" वाढताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

तुम्ही गेलात तर महाड, पोलादपूर, डोंगर, नदी सगळं बघाल, बघाच. कांजी मागितलीत तर अजूनही एखाद्या घरी मिळेल. पण आणलीत तर एक वाटी भावकीबाहेरच्या घरी ठेवायला द्या. मी त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या शांताबाईंकडे दिली. त्या आमच्या नात्यातल्या नाहीत, आमच्या जातीच्याही नाहीत. त्यांनी ती आमटीत घालायला सुरुवात केली आणि माझ्यापेक्षा चांगली जपली.

पुढे बऱ्याच वर्षांनी अण्णा गेले. पुन्हा मडकी टाकली, स्वयंपाकघर धुतलं. चौदाव्या दिवशी सकाळी दार वाजलं. शांताबाई कांजीची वाटी घेऊन उभ्या होत्या. मी ती नव्या मडक्यात ओतली आणि चुलीवर भाताचं आधण ठेवलं.