कागदावर नसलेला डाग

शनिवारी सकाळी सूर्यावर मला एक नवा डाग सापडला... आणि दुपारपर्यंत माझी पार जिरली.

आम्ही जर्मनीत झिंडेलफिंगेनला राहतो. बागेतल्या लाकडी शेडचं छप्पर मी रुळांवर बसवून सरकतं केलंय, आत दुर्बीण आणि कॅमेरा. लोक तारे बघायला जागतात, मला मात्र सूर्याचं वेड... पुढे फिल्टर लावायचा, कॉफी घ्यायची आणि भर उजेडात फोटो काढत बसायचं.

सध्या पुण्याहून सासरे आलेत. बाबा आयुष्यभर एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. इथे त्यांना करमेना, म्हणून माझी जुनी छोटी दुर्बीण मी त्यांना दिली. तिच्यातून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडायचं आणि दिसतील ते डाग पेन्सिलीने टिपायचे... तीन आठवडे झाले, ऊन असलं की रोज एक कागद.

तर शनिवारी आमच्या फेराईनच्या, म्हणजे हौशी खगोल मंडळाच्या, प्रदर्शनासाठी फोटो द्यायचा शेवटचा दिवस होता. पाच वर्षांत माझा एकही फोटो तिथल्या भिंतीवर लागला नव्हता. आणि नेमका त्याच सकाळी हा डाग... गोल, मऊ कडांचा, इतर डागांपासून दूर, एकटाच. मी हुरळून फोटो पाठवूनसुद्धा दिला.

मग बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, आपला त्या सकाळचा कागद शेजारी धरला. "अगं, हा डाग माझ्याकडे नाही."

मी समजावलं... तुमची दुर्बीण लहान, कागदावर बिंब उलटं पडतं, वगैरे वगैरे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ते बोलून दाखवलं नाही, पण मनात तेच होतं.

ते चिडले नाहीत. "उलटं पडलं म्हणून डाग नाहीसा होतो का? बाकीचे सगळे जुळतायत. तू कॅमेरा जरा फिरवून बघ बरं."

फिरवला, चांगला नव्वद अंश. स्क्रीनवर बाकीचे डाग मुकाट्याने फिरले... हा पठ्ठ्या जागचा हलला नाही. सूर्यावरचा असता तर इतरांबरोबर फिरला असता. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बसलेला धुळीचा कण होता तो!

अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिसमध्ये दुसऱ्याची सही झाल्याशिवाय मी साध्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग पुढे पाठवत नाही, आणि इथे अख्खा सूर्य न तपासता पाठवला.

फेराईनच्या प्रमुखांना फोन करून खरं काय ते सांगितलं. वयस्कर गृहस्थ आहेत, मोठ्याने हसले. "आल्झो... बरं तर, पाचपर्यंत नवा पाठवा," म्हणाले.

सेन्सर साफ केला, ढगांच्या फटीतून कसेबसे चार फोटो मिळाले. त्यातल्या त्यात बऱ्या फोटोखाली माझं नाव टाकलं आणि पुढे लिहिलं... तपासणी : बाबा.

"थांब. माझं नाव टाकायच्या आधी मला बघू तर दे!"

खुर्ची ओढून बसले. पेन्सिलीच्या टोकाने एकेक डाग कागदाशी ताडून बघितला, दोनदा. घड्याळात पावणेपाच... मी नुसती येरझाऱ्या घालतेय. शेवटी म्हणाले, "हं. आता पाठव."

फोटो भिंतीवर लागेल की नाही, माहीत नाही. पण ज्यांच्या डोळ्यांवर मी शंका घेतली, त्यांचं नाव त्याखाली आहे, याचाच जास्त आनंद आहे.

बाबा, थँक्यू... आणि सॉरीसुद्धा. समोर बसून म्हणायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिलं.