बिनदोऱ्याची मशीन

"जेवून आले का, सर?"

कापड हातात घेण्याआधी आमचे टेलरमास्तर हा प्रश्न विचारायचे. तुम्हाला वाटेल, काय अगत्य! मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. "हो हो, पोटभर," असं मी मोठ्या प्रेमानं सांगितलं. मास्तरांनी हातातली टेप पुन्हा गळ्यात टाकली आणि म्हणाले, "मंग जा घरी. उद्या सकायी या, उपाशी पोटी."

"का बरं?"

"काऊन म्हंजे? मी तुमच्या पोटाचं माप घेऊ का हवेचं?"

वडनेर भोलजीला हायवेच्या कडेला, बसथांब्यामागे त्यांचं दुकान होतं. एक मशीन, एक कापायचं टेबल, गिऱ्हाइकासाठी एक बाकडं. मी तिथल्याच शाळेत भूगोल शिकवत होतो. वारे, कमी दाबाचे पट्टे, जास्त दाबाचे पट्टे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढले. स्वतःच्या पट्ट्याखाली काय दाबलं जातंय, ते मात्र मला मास्तरांच्या टेपनं कळलं.

मास्तरांचं म्हणणं सोपं होतं. माणसाचं पोट वेगळं आणि त्यातली हवा वेगळी. पोट शिवणाऱ्याच्या कामाचं, हवा कामाची नाही. सकाळी घेतलेलं माप खरं, जेवणानंतरचं खोटं. इथवर ठीक होतं. पण त्यापुढे ते जगातल्या बहुतेक भानगडींचं मूळ अडकलेल्या हवेतच शोधायचे. सरपंच ग्रामसभेत ओरडला, तर गॅस. सून सासूशी बोलत नाही, तर दोघींपैकी एकीला गॅस. आमच्या मुख्याध्यापकांनी माझी रजा नाकारली, तेव्हा मास्तर कळवळून म्हणाले, "त्याहीच्यावर नका चिडू, सर. त्याहीले सकायी साफ नसन झालं."

उपायांची तर त्यांच्याकडे खाणच होती. ओवा आणि काळं मीठ बॉबिनच्या डब्यात असायचं, त्यामुळे ओव्याला मशीनच्या तेलाचा वास यायचा. "डाव्या कुशीवर पडा." "गुडघे पोटाशी घ्या." "जेवताना बोलू नका, तोंडानं हवा आत जाते." हे शेवटचं ते स्वतः भाकरीचा घास तोंडात ठेवून सांगायचे. एकदा त्यांनी मला कसलासा सोडा लिंबात घालून पाजला. त्या दिवशी नववीच्या वर्गात मोसमी वारे शिकवताना मी दर वाक्याला ढेकर दिला. तो धडा त्या पोरांना अजून पाठ आहे.

आता माझ्या विजारीची गोष्ट सांगतो. गावात कोणीतरी सांगणारच आहे, त्यापेक्षा मीच सांगतो.

सव्वीस जानेवारी तोंडावर आली होती. झेंड्याला सलामी देण्याचा मान त्या वर्षी माझ्याकडे होता, म्हणून पांढरी विजार शिवायची होती. नेमकं माप द्यायला जायचं त्याच दिवशी सोनाळ्याच्या एका मित्राच्या शेतात रोडग्यांचं जेवण. तुम्हाला रोडगे माहीत आहेत ना? गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. ते कुस्करायचे, वर तूप ओतायचं, वरण ओतायचं, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. वाढणारा "अजून एक" म्हणतो आणि खाणारा "बस" म्हणताना ताट पुढे करतो. वर मी तांब्याभर पाणी प्यायलो. रोडगा पोटात जाऊन फुगतो हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. मलाही होतं.

परतताना दुकानात शिरलो. "जेवून आले का, सर?"

"नाही," मी म्हणालो. पुन्हा हेलपाटा कोण घालणार?

मास्तरांनी टेप लावली. मग टिचकी मारून माझं पोट वाजवलं. टरबूज पाहतात ना, तसं. "सर, अजून टाइम हाय. खरं सांगा."

"मास्तर, आमच्या घराण्यातच पोट आहे. माप घ्या."

त्यांनी माप घेतलं आणि टेपनं सांगितलं तसंच शिवलं. सव्वीस जानेवारीच्या सकाळी थंडीत, रिकाम्या पोटानं मी झेंड्यासमोर उभा राहिलो. पट्टा घरी खुंटीला राहिला होता. उजव्या हातानं सलामी दिली तोवर डाव्या कोपरानं विजार धरून होतो. पण नंतर 'सावधान'. दोन्ही हात सरळ. विजार आपल्या मर्जीनं खाली निघाली. सदरा लांब होता म्हणून माझी नोकरी आणि देशाची शान, दोन्ही राहिल्या. समोर गावकऱ्यांच्या रांगेत मास्तर ताठ उभे होते. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. कार्यक्रम संपल्यावर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "हवा गेली वाटते, सर."

पण मला सांगायचं आहे ते मास्तरांच्या मशीनबद्दल.

दुकानात बाकड्यावर बसलेला माणूस अवघडला, की मास्तरांना बरोबर कळायचं. तो एका कुल्ल्यावरून दुसऱ्या कुल्ल्यावर होई, उगाच खाकरे, छताकडे पाही. बायामाणसं ब्लाउजचं माप द्यायला आलेली असत, उठून जाता येत नसे आणि बसवतही नसे. अशा वेळी मास्तर हातातलं काम बाजूला ठेवायचे, सुईतला दोरा काढून घ्यायचे आणि पायडल जोरानं मारायला लागायचे. खडखडखडखड! कपडा नाही, दोरा नाही, नुसती मशीन. दुकानात दुसरं काही ऐकूच येत नसे. अवघडलेल्या माणसाचा चेहरा हळूहळू सैल होई. मग मास्तर थांबायचे, दोरा ओवायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. त्या माणसाकडे चुकूनही पाहायचे नाहीत.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. मी भर दुकानात विचारलं, "मास्तर, दोरा नाही सुईत!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ज्याच्यासाठी मशीन चालली होती तो बिचारा पिशवी विसरून निघून गेला. मास्तर नंतर म्हणाले, "सर, तुमचे डोये लय चांगले हायत. कधी कधी मिटत जा."

ही सोय त्यांनी स्वतःसाठी मात्र कधी वापरली नाही. त्यांना जड झालं की टेप ठेवून मागच्या नाल्याकडे निघायचे. ऊन असो की काही असो. मी एकदा म्हटलं, "मास्तर, मशीन तर तुमच्याजवळच आहे."

ते लाजले. "आपल्यासाठी आपणच चालवली, तर सगळ्याइले समजन ना, सर."

एकदा माझ्या छातीत दुखायला लागलं. मी छाती धरून दुकानात गेलो, तो ओव्याची चिमूट घ्यायच्या तयारीनंच. मास्तरांनी बॉबिनच्या डब्याला हातही लावला नाही. "घाम येऊन राह्यला का? हात दुखते का?" म्हणत त्यांनी शटर ओढलं आणि ऑटोत घालून मला नांदुऱ्याला नेलं. वाटेत मी म्हणालो, "मास्तर, गॅसच असेल ना?"

"असन. पण ते डॉक्टरले सांगू द्या. छातीचं दुखणं मी मापत नाई."

ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. शाळेच्या मधल्या सुट्टीत घाईघाईनं कोंबलेली हरभऱ्याची उसळ वर दाबत होती. परतताना एसटीत मी मान खाली घालून बसलो. मास्तर मात्र आनंदानं वेडे झाले होते. ओळखीच्या प्रत्येकाला हाक मारून सांगत होते, "सरले काही नाई बरं का! गॅस निंघाला!"

मग मास्तरांचीच पाळी आली. आतड्याला पीळ पडला. खामगावला मोठं ऑपरेशन झालं. मी गेलो तेव्हा ते लोखंडी खाटेवर पडले होते, नाकात नळी, ओठ कोरडे पडलेले. डॉक्टर येत आणि एकच विचारत, "गॅस गेला का?" हवा सरली म्हणजे आतडी जागी झाली. तोवर पाण्याचा थेंबही नाही. त्या सकाळी डॉक्टर मास्तरांच्या बायकोला, आमच्या काकूंना, बाजूला घेऊन म्हणाले होते, उद्यापर्यंत नाही झालं तर पुन्हा उघडून पाहावं लागेल. मास्तरांची तब्येत दुसरं ऑपरेशन सोसेल असं कोणालाच वाटत नव्हतं. काकू पदराचं टोक चावत उभ्या होत्या.

आणि खाटेला लागून, संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन, मास्तरांचे व्याही बसले होते. शेजारी विहीणबाई. मुलीच्या सासरची माणसं. रोज सकाळी येत आणि संध्याकाळपर्यंत हलत नसत. व्याह्याच्या दुखण्यात लवकर उठणं बरं दिसत नाही ना! आणि त्यांना "जरा बाहेर बसा" म्हणण्याची कोणाची छाती? नर्सनं मास्तरांना चालवायला उठवलं, तर काळजीपोटी विहीणबाई मागोमाग. डॉक्टर भरल्या वॉर्डात विचारत, "गॅस?" आणि मास्तर डोळे मिटून घेत.

मी जवळ बसलो. "मास्तर, जड वाटतं का?"

त्यांनी डोळ्यांनीच हो म्हटलं. मग व्याह्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. अख्ख्या गावाला ज्यानं मोकळं केलं, तो माणूस गच्च आवळून पडला होता.

माझी ट्यूब उशिरा पेटते, पण पेटली. इकडेतिकडे पाहिलं. खाटेच्या पायथ्याशी वर-खाली करायचा दांडा होता, गंजलेला. "मास्तरांची मान जरा उंच करतो," असं मोठ्यानं जाहीर करून मी तो फिरवायला लागलो. खडखडखडखड! वॉर्डातल्या भिंती दणाणल्या. आता माझ्या हातून काही धड होतं का कधी? दांडा पायाकडचा निघाला. मानेऐवजी मास्तरांचे गुडघे वर आले. काकू ओरडल्या, "अहो सर, उलटं होऊन राह्यलं!" नर्स धावली. मी म्हणालो, "अडकला आहे, अडकला आहे," आणि फिरवतच राहिलो, घाम फुटेपर्यंत.

मास्तरांनी डोळे मिटले होते. कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली. मी पुष्कळ चेहरे असे सुटताना पाहिले होते, त्यांच्याच दुकानात.

"सर," ते पुटपुटले, "बास."

मी थांबलो. व्याही खिडकीबाहेर पाहत होते. संत्र्यांची पिशवी सावरत एवढंच म्हणाले, "पलंग लय जुना हाय."

नर्सनं तोंड फिरवून हसू लपवलं, डॉक्टरांना विचारून आली आणि काकूंच्या हातात पाण्याची वाटी दिली. काकूंनी चमच्यानं मास्तरांच्या ओठाला पाणी लावलं. मास्तर ते चघळत राहिले. जेवताना बोलायचं नाही हा नियम त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा पाळला.

त्यानंतर मास्तरांनी अजून काही वर्षं कपडे शिवले. माझी निवृत्तीची सफारी त्यांनीच शिवली, उपाशी पोटी घेतलेल्या मापाची. गेल्या उन्हाळ्यात दुपारी डाव्या कुशीवर झोपले आणि उठले नाहीत.

तेरवीला गेलो होतो. दुकानातली मशीन घरी आणून बैठकीच्या कोपऱ्यात ठेवली होती, अंगावर चादर. पंगती उठल्या, पुरी-भाजी, बुंदी झाली. मग जाणती माणसं भिंतीला टेकून गप्प बसली. अशा वेळी काय बोलायचं असतं? पंख्याचाही आवाज नव्हता, लाइट गेली होती. पलीकडे बायकांची बैठक.

माझ्या समोर व्याही बसले होते. आता फार थकले आहेत. मी पाहिलं, ते एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर झाले. खाकरले. छताकडे पाहिलं.

मी उठलो आणि मशीनवरची चादर काढली. सुईत मास्तरांनी ओवलेला निळा दोरा तसाच होता. तो मी काढला, स्टुलावर बसलो आणि पायडल मारायला लागलो. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. कोणीतरी म्हणालं, "सर, हे काय लावलं?" काकू मात्र दारातून म्हणाल्या, "चालवू द्या त्याहीले."

मला पायडल नीट येत नाही. मशीन मधेच उलटी फिरायची, पुन्हा सुलटी. पण खडखड झकास होत होती. व्याह्यांकडे मी पाहिलं नाही. खिडकीबाहेर पाहत राहिलो, तिथं मास्तरांची गळ्यातली टेप तारेवर कपड्यांसोबत वाळत होती.

बऱ्याच वेळानं मी थांबलो.

व्याह्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले.

"मशीन लय जुनी हाय, सर," ते म्हणाले.