टॉर्फ खालून जळतो

चि. अद्वैत आणि ईरा,

मीराआत्याने संशोधन का सोडलं, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत आणि तुमच्या बाबाने विषय बदलला. त्याला नीट माहीत नाही. आत्या स्वतः सांगणार नाही. म्हणून मी, तुमची आजी, लिहिते.

2014 च्या फेब्रुवारीत मी तिच्याकडे हायडेलबर्गला होते. महिनाअखेरीस ती मला उत्तरेला, तिच्या मोअरवर (पाणथळ, शेवाळाची जमीन) घेऊन गेली. दोनदा गाडी बदलावी लागली. डोंगर संपले, मग झाडंही विरळ झाली. उरलं ते पिवळं गवत आणि खाली आलेलं आभाळ. खाणावळीत ग्र्युनकोल (गडद हिरव्या पानांची गरगट शिजवलेली भाजी) होती, पण ती सॉसेजबरोबरच शिजवलेली. मी नुसते बटाटे खाल्ले.

तिथली काळी जमीन म्हणजे टॉर्फ, हजारो वर्षं पाण्यात न कुजता साठलेलं शेवाळ. लोकांनी तो जळणासाठी खणून नेला होता. आत्याने निचऱ्याचे चर बुजवले, पाणी अडवलं आणि सहा वर्षांत एका तुकड्यावर शेवाळ परत आणलं. आता गवत आणि बर्चची रोपं त्याचं ऊन अडवत होती. थंडीत, जमीन चिंब असताना, वरवर आग फिरवली की गवत जातं आणि शेवाळ वाचतं. मार्चपासून पक्षी घरटी करतात म्हणून जाळायला बंदी. तिच्या गेनेमिगुंगचा (परवान्याचा) तो शेवटचा दिवस होता.

आठवडाभर कोरडा वारा होता. पाण्याची दारं सांभाळणारे म्हातारे आहरेन्स आत्याला म्हणाले, "वरून ओलं दिसतंय, फ्राऊ डॉक्टर. खाली हात घाला."

तिने कोपरापर्यंत हात घातला. मुठीत भुगा आला.

"पुढच्या हिवाळ्यात जाळू," ते म्हणाले.

"म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा आठ महिने. तोवर हे गवत थांबणार आहे का?"

"गवत नाही थांबणार. टॉर्फ थांबतो, त्याला सवय आहे."

अग्निशमनाची माणसं बंबापाशी चहा पीत उभी होती. आत्या माझ्याकडे वळली, त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं. "आई, काय करू गं?"

मी म्हटलं, "अगं, कोकणात आपण दरवर्षी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून राब भाजतो. काय होतं जमिनीला? कागद हातात आहे, माणसं आली आहेत. उरकून टाक."

तासाभरात सगळं काळं झालं. आग विझली, सगळ्यांनी हात मिळवले. आहरेन्स आधीच निघून गेले होते.

तिसऱ्या दिवशी जमिनीतून धूर येऊ लागला. ज्वाळा कुठेच नव्हती. आग टॉर्फमध्ये उतरली होती. बंबांनी कितीतरी दिवस पाणी ओतलं. शेवाळ मुळापासून गेलं, आणि वीतभर जमीनही. तेवढी जमीन साठायला शतकं लागतात.

राबाखाली जांभा दगड असतो. तो जळत नाही. तिथे जमीन हेच जळण. मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला आहे.

आत्याने अहवालात जबाबदार म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. "माझ्या हातात भुगा आला होता, आई. मला माहीत होतं," एवढंच ती म्हणाली. मला कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आता ती डार्मश्टाटला शाळेत शिकवते.

गेल्या उन्हाळ्यात मी हट्टाने परत गेले. आत्या आली नाही. जळलेल्या जागी गवत गुडघ्याच्या वर आलंय, पहिल्यापेक्षा दाट. बर्चही रुजलेत. जे घालवायला आग लावली, तेच माजलंय.

आहरेन्सनी मला ओळखलं. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "मुलीला सांगा, पाणी अजून अडवून ठेवलंय."

इथे पुण्याला परतल्यावर मी तिला सांगायला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

पश्चिमेच्या खळग्यात आगीच्या वेळीही पाणी साचलेलं होतं. तिथलं शेवाळ जिवंत आहे. चार पावलं लांब, तीन रुंद. मी चालून मोजलं.