पासपोर्ट घरीच होता

सोमवारी सकाळी नागपुरात बाबा गेले. मी कार्डिफमध्ये होते. माझा पासपोर्ट स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये होता.

यातलं तिसरं वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. दादालाही नाही. त्याला तर मुळीच नाही. आज तुम्हाला सांगते आहे, ते का, हे मलाही नीट ठाऊक नाही. लिहिताना पेन दर ओळीला थांबतंय.

मी इथल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. आठ वर्षं झाली. त्या वर्षी नोव्हेंबरात मी नागरिकत्वाचा अर्ज करणार होते. अटी बऱ्याच असतात – भाषेची परीक्षा, देशाच्या माहितीची परीक्षा, दोन जामीनदार माणसं, चांगली वर्तणूक. आणि एक अट दिवसांची: अर्जाच्या आधीच्या वर्षभरात नव्वदपेक्षा जास्त दिवस देशाबाहेर राहायचं नाही. जायचा आणि यायचा दिवस धरत नाहीत. हे मी तीनदा वाचून खात्री करून घेतलं होतं.

बाबांनाही हे सगळं पाठ होतं. भूगोलाचे मास्तर ते, निवृत्त झाले तरी परीक्षा घ्यायची सवय गेली नव्हती. माझ्या परीक्षेच्या पुस्तकाची पानं मी त्यांना फोनवर पाठवली होती. रविवारी फोन केला की आधी प्रश्न, मग तब्येत.

"वेल्सचं फूल कोणतं?"

"डॅफोडिल."

"अन् आपलं?"

"बाबा, ते परीक्षेत नाही."

"म्हणजे विसरली! अजून अर्ज नाही केला तर ही गत. उद्या व्हिक्टोरिया होऊन आमच्यावर राज्य करशील तू."

मार्चमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मी गेले, सात आठवडे राहिले. जुलैत पुन्हा गेले. दोन्ही मिळून ऐंशी दिवस झाले. दहा उरले. हा आकडा माझ्या डोक्यात असा बसला होता, की दात घासतानाही तोच दिसायचा.

ऑक्टोबरात दादाचा फोन आला. म्हणाला, "बाबांचं खाणं सुटून राहिलं गं. डॉक्टर काही बोलत नाहीत. तू येऊन जा."

आणि मी म्हणाले – किती सहज म्हणाले! – "दादा, पासपोर्ट ऑफिसात जमा आहे. अर्जासाठी द्यावा लागला. मिळाला की निघते."

अर्ज मी केलेलाच नव्हता. ओट्याशी उभी राहून बोलत होते. ड्रॉवर माझ्या कमरेला लागत होता.

तुम्ही म्हणाल, घाबरली असेल. दिवस संपले तर अर्ज हुकेल, या भीतीनं बोलून गेली असेल. मीही स्वतःला बरेच दिवस हेच सांगितलं. पण कशाची भीती? इथं कायम राहायची परवानगी मला आधीच मिळाली होती. अर्ज सहा महिने पुढे ढकलला असता तर कुणी मला विमानात बसवून परत पाठवणार नव्हतं. हे मला माहीत होतं. मग?

मग हे. मी ते दहा दिवस राखून ठेवले होते. बाबा गेल्यावर जाण्यासाठी. मी आत्ता गेले आणि बाबा महिनाभर तसेच राहिले, तर दिवस संपतील आणि शेवटी मला जाता येणार नाही. ते गेल्यावर मी गेले, तर दहा दिवस दहाव्यापर्यंत पुरतील. असा विचार मी केला. माझा बाप जिवंत होता, माझं नाव घेत होता, आणि मी त्याच्या दहाव्यासाठी दिवस बाजूला काढत होते.

दादाच्या फोननंतर बाबा आठ दिवस जगले. आठ. दहात बसले असते.

त्या आठ दिवसांत एकदाच ते फोनवर आले. जीभ जड झाली होती. मी तेच सांगितलं, पासपोर्ट जमा आहे. ते म्हणाले, "मग बरोबर. सरकारी काम आहे. त्यांच्या मागं लागू नको." दादा सांगतो, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतःहून सांगायचे – पोरीचा पासपोर्ट सरकारजमा आहे, नाहीतर ती कधीच आली असती. नीट बोलता येत नव्हतं, तरी एवढं वाक्य पूर्ण करायचे.

ते गेले. आणि आता मी जाणार कशी? आठवड्यापूर्वी जमा असलेला पासपोर्ट रातोरात परत मिळाला, असं सांगायचं? दादानं विचारलं असतं. मी गेले नाही. ज्यासाठी दिवस राखले होते, त्यालाही नाही.

दहाव्याला दादानं नदीवरून व्हिडिओ कॉल लावला. मी कामावर जायच्या तयारीत होते, कोट अंगात होता. पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या झाडावर पाच-सहा बसले होते, पण एकही उतरेना. दादानं सगळी वचनं देऊन पाहिली. शेवटी कुणीतरी मागून म्हणालं, "लेकीत जीव अडकला असंल. तिला बोलू द्या." दादानं फोन पिंडाकडे धरला.

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं ना? निदान त्यांच्याशी?

मी म्हणाले, "बाबा, पासपोर्ट मिळाला की लगेच येते."

आणि कावळा शिवला. दादा ढसाढसा रडला. म्हणाला, "बघ, त्यांना समजलं."

नोव्हेंबरात मी अर्ज भरला. त्यात एक प्रश्न असतो – तुमच्या चांगल्या वर्तणुकीबद्दल शंका यावी असं काही तुमच्या हातून घडलं आहे का? मी 'नाही' लिहिलं. जामीनदारांपैकी एक माझी सहकारी. मी विश्वासू आहे, असं ती सगळ्यांना सांगते. पुढच्या उन्हाळ्यात कौन्सिलच्या सभागृहात उभी राहून मी शपथ घेतली. बाहेर आल्यावर फोन हातात घेतला. तो रविवार नव्हता. असता तरी काय?

ड्रॉवरमध्ये आता दोन पासपोर्ट आहेत. जुन्यावर रद्दचा शिक्का आहे. दादा अजून फोनवर त्या ऑफिसला शिव्या घालतो. मी ऐकून घेते.