बालाजीच्या पिक्चरचा शेवट

बालाजी पडद्यावर किती वेळा मेला, ते त्याला स्वतःलाही सांगता यायचं नाही.

खरा मेला तो गेल्या वर्षी. हैदराबादच्या खोलीत, सकाळचा चहा पिता पिता. हार्ट अटॅक. फाईट नाही, स्टंट नाही.

आज त्याचं वर्षश्राद्ध होतं. कनेरगाव नाक्यावरून आत आमचं गाव. तिथून आत्ताच हिंगोलीला परत आलोय. आयुष्यभर लोकांच्या बातम्या वेळेत दिल्या. मित्रावर लिहायला वर्ष लागलं.

आठवीत असताना आम्ही दोघं दर रविवारी एसटीनं हिंगोलीला कराटे शिकायला जायचो. सरांनी सुरुवातीला एकही पंच शिकवला नाही. फक्त पडायला शिकवलं. पुढं पडा, मागं पडा, कुशीवर पडा. हनुवटी छातीला, तळहात जमिनीला.

मी दुसऱ्या रविवारीच कंटाळलो.

बालाजीला मात्र पडायचा नाद लागला. कडब्याच्या गंजीवरून पडायचा, उभ्या बैलगाडीवरून पडायचा. उठून कपडे झटकत म्हणायचा, "बघ, लागलं न्हाई."

पुढं ब्लॅक बेल्ट मिळाला, मेडलं मिळाली, नोकरी मिळाली नाही. मग तो उत्तरेत एका कुस्तीच्या कंपनीत गेला. टीव्हीवर दाखवतात तसली कुस्ती. दोरखंडाची रिंग, लाईट, म्युझिक. तिथं त्याचं नाव 'डेंजर बाला'. नावात एवढा डेंजर असून काम एकच, हरायचं. समोरच्यानं डोक्यावर उचलून आपटलं की आवाज मोठा आला पाहिजे.

गावात आला की आखाड्यातले दगडूनाना त्याला सोडायचे नाहीत. नानांनी उभी हयात लाल मातीत काढलेली. सगळ्यांसमोर म्हणाले, "आमची पाठ मातीला लागली की आमी चार दिवस तोंड लपवायचो. ह्याला पाठ लावायचा पगार भेटतो."

बालाजीनं शर्ट वर करून पाठ दाखवली. हिरवी-निळी झालेली.

नानांनी पाठीवरून हात फिरवून बघितला. मग एवढंच म्हणाले, "तेल लावत जा."

त्या रिंगमध्येच एका फाईट मास्टरनं त्याला पाहिलं आणि हैदराबादला नेलं. तिथून पिक्चर सुरू झाले. व्हिलनच्या उजव्या खांद्यामागं जो जाडजूड माणूस उभा असतो ना, तो आमचा बालाजी. हीरोचा पहिला मार त्यालाच.

पहिला पिक्चर हिंदीत डब होऊन टीव्हीवर लागला, तेव्हा अर्धं गाव त्याच्या घरी जमलं. त्याची आई, गयाकाकू, अगदी पुढं बसलेली. हीरोनं बालाजीला गच्चीवरून खाली फेकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काकू उठून आत गेल्या.

दिवसभर चूल पेटली नाही. धाकटा भाऊ विष्णू फोन लावून लावून थकला. बालाजी शूटिंगमध्ये, फोन बंद. संध्याकाळी त्याचा फोन आला. "माय, मी जेवून राहिलो." तेव्हा कुठं काकूंनी तोंडात घास घातला.

तेव्हापासून गावात एक रीतच पडली. बालाजीचा पिक्चर लागला की सगळे काकूंकडं जमणार. रिमोट विष्णूच्या हातात. हीरो बालाजीच्या दिशेनं निघाला की काकू सांगणार, "बंद कर आता. जेवू दे त्याला."

आणि टीव्ही बंद.

निम्म्या गावाला आजही त्यातल्या एकाही पिक्चरचा शेवट माहीत नाही.

बालाजीला हे कळल्यावर तो आधी हसला. मग मला म्हणाला, "ती समजते मला लागून राहिलं. मी तर तेवढंच शिकलो यार, न लागता पडायचं. किती सांगितलं, तिला पटतच न्हाई." मायनं एक तरी पिक्चर शेवटपर्यंत बघावा, एवढीच त्याची इच्छा होती. प्रत्येक डायरेक्टरला विचारायचा, "सर, एक बार ज़िंदा रहने दो ना." ते हसायचे.

एकानं ऐकलं. छोटा मराठी पिक्चर, बालाजी ढाबेवाला. दोन मिनिटांचं काम, मरण नाही. काकूंनी पूर्ण बघितला. नंतर फोनवर त्याला म्हणाल्या, "एवढं कराटं शिकला, अन् चहाच काहून वाटून राहिला रे?"

हे सांगताना हसून हसून त्याला ठसका लागला होता. पण पडून लागत नाही, ही त्याची गोष्ट काही काकूंना पटली नव्हती. गेला तेव्हाही नाही.

आज दुपारी पंगती उठल्या. घरातलेच चार-सहा जण उरलो. काकू विष्णूला म्हणाल्या, "तो गच्चीवरून पडते, तो लाव."

विष्णूनं माझ्याकडं बघितलं. मग मोबाईलवर शोधून टीव्हीला जोडला. हीरो गच्चीवर चढला. विष्णूचा हात सवयीनं रिमोटकडं गेला.

"राहू दे," काकू म्हणाल्या.

बालाजी पडला. मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. हनुवटी छातीला. तळहात आधी जमिनीला. आठवीतल्या रविवारसारखं.

काकूंनी विष्णूला मागं घ्यायला लावलं. परत बघितलं. परत एकदा.

मग पदरानं टीव्हीची काच पुसली आणि आमच्याकडं न बघता म्हणाल्या,

"बराबर पडला. लागलं न्हाई त्याला."

बालाजी, पटलं रे मायला.

पान वाढलंय. निवांत जेव.